काट्याची वायर : बेणे पारखून, दांड जपून



गळीत हंगामात काट्यावरचा संगणक मधेच अडला की गाड्यांची रांग लागते, बैल उन्हात ताटकळतात आणि तोडलेला ऊस वाळत राहतो. ही घट शेवटी सभासदाच्याच पदरात पडते. मागे एका हंगामात आमच्याकडे हे रोजचेच झाले. संगणक बदलला, तरी खोड जाईना. अखेर आम्ही वायरचा माग काढला. काटा ते ऑफिस वायर भरली १४० मीटर, आणि ती मोटारीच्या केबलबरोबर एकाच चरात पुरलेली!

हल्ली आपणही घरापासून गोठ्यापर्यंत कॅमेऱ्याची वायर ओढता. म्हणून आम्ही जे शिकलो ते सांगतो.

अंतर : तांब्याची नेटवर्क वायर सलग १०० मीटरपर्यंतच भरवशाची. टेलच्या शेतकऱ्याला पाणी कमी मिळते, तसेच पुढे होते. त्याहून लांब जायचे तर फायबर टाकावी. तिच्यातून प्रकाश जातो, त्यामुळे शेजारच्या विजेचा तिला त्रास नाही.

बेणे : स्वस्त वायरमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. तार पात्याने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर परत करा. ‘कॅट ६’ प्रकारची, शुद्ध तांब्याची वायर मागा. उघड्यावर टाकायची तर उन्हात टिकणाऱ्या काळ्या वेष्टनाचीच घ्या.

मार्ग : विजेच्या केबलपासून वायर लांब ठेवा. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडा. वेगळ्या पाइपातून न्या आणि पाइपाची तोंडे बुजवा, नाहीतर उंदीर आत शिरलाच म्हणून समजा. वायर मुडपू नका. वळण ऐसपैस द्या.

जोड : मधे पिळ्याचा जोड देऊ नका. दोन्ही टोकांना थोडी जादा वायर ठेवा, नंबराची चिठ्ठी लावा. कोठून काय पुरले त्याचा नकाशा कागदावर काढून ठेवा. पुढे नांगर लागला की त्याची किंमत कळते.

आम्ही काट्याला वेगळा चर खणून फायबर टाकली. तेव्हापासून वायरीपायी गाडी अडलेली नाही. खर्च झाला, पण बेण्यात केलेली काटकसर खोडव्यापर्यंत नडते, हे आपणांस आम्ही काय सांगावे?

— ऊस विकास अधिकारी