जॅझवरचं पुस्तक निवडताना

जॅझवरचं पुस्तक हाती आलं की पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. शेवटची पानं उघडा आणि नामसूचीत बडी बोल्डन हे नाव शोधा. ते सापडेल त्या पानावर लेखक काय लिहितो, यावरून पुस्तकाचा बराच अंदाज येतो.

बोल्डन हा न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक. जन्म 1877चा. 1907मध्ये त्याला लुइझियानातल्या जॅक्सन गावच्या मनोरुग्णालयात ठेवलं, आणि 1931मध्ये तो तिथेच वारला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्याच्याविषयी जे कळतं ते इतरांच्या आठवणींतून. 1939मध्ये आलेल्या ‘जॅझमेन’ या पुस्तकात तो न्हावी होता, शिवाय ‘द क्रिकेट’ नावाचं गावगप्पांचं पत्रक काढायचा, असं छापून आलं. पुढे वर्षानुवर्षं सगळे तेच उतरवून घेत राहिले. डोनाल्ड मार्क्विस यांनी मात्र शहरातली जुनी दप्तरं धुंडाळली आणि 1978मध्ये ‘इन सर्च ऑफ बडी बोल्डन’ प्रसिद्ध केलं. न्हावीपणही खोटं निघालं आणि पत्रकही. मायकेल ओंडाट्जे यांच्या 1976च्या कादंबरीतला बोल्डन दाढ्या करतो, त्याला हरकत नाही. ती कादंबरी आहे. पण 1978नंतर लिहिलेला इतिहास अजून त्याच्या हाती वस्तरा देत असेल, तर त्या लेखकाने नवं काही तपासलेलं नाही हे उघड आहे.

दुसरी खूण लुई आर्मस्ट्राँगच्या जन्मतारखेची. तो स्वतः 4 जुलै 1900 ही तारीख सांगायचा. नव्या शतकाचा आरंभ आणि वर अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र 4 ऑगस्ट 1901 निघाली, आणि हे 1988मध्ये लोकांसमोर आलं. त्याआधीच्या पुस्तकाला जुनी तारीख माफ आहे, नंतरच्याला नाही. म्हणून पुस्तकाचं प्रकाशनवर्ष आणि आवृत्ती आधी पाहून घ्यावी.

आख्यायिका इतक्या का माजल्या, याला कारण आहे. हे संगीत न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढलं, पण 1917मध्ये जी जॅझची पहिली तबकडी मानली जाते ती निघाली ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड या गोऱ्या वादकांची. आधीच्या वादकांना कुणी ध्वनिमुद्रकासमोर बसवलं नव्हतं. पुढे ज्यांनी इतिहास लिहायला घेतला त्यांच्यात तबकड्या जमवणारे शौकीन बरेच होते. जे तबकडीत नव्हतं, ते त्यांनी ऐकीव गोष्टींनी भरून काढलं. आपल्याकडे बुजुर्ग गवयांच्या कथा मैफलीगणिक वाढत जातात, तसंच तिथेही झालं.

आत्मचरित्र घेताना शब्दांकन कुणाचं, हे आधी बघावं. बिली हॉलिडेचं ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ 1956मध्ये आलं, शब्दांकन विल्यम डफ्टी यांचं. त्यात ती आपला जन्म बाल्टिमोरचा सांगते आणि आईवडिलांच्या लग्नाचंही बोलते. प्रत्यक्षात ती 1915मध्ये फिलाडेल्फियात जन्मली आणि त्या दोघांचं लग्न कधी झालंच नव्हतं. मग हे पुस्तक टाकून द्यायचं का? मुळीच नाही. स्वतःचं आयुष्य तिला कसं सांगावंसं वाटलं, हे त्यातूनच कळतं. फक्त तारखांसाठी दुसरं चरित्र जवळ असू द्या. जेली रोल मॉर्टनचंही असंच. 1938मध्ये ॲलन लोमॅक्स यांनी त्याला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पियानोपाशी बसवून बोलतं केलं, आणि त्यातून 1950मध्ये ‘मिस्टर जेली रोल’ हे पुस्तक झालं. 1902मध्ये जॅझ आपणच शोधला, असं मॉर्टन म्हणायचा. बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे त्याचा जन्म 1890चा, म्हणजे तेव्हा तो फार तर बारा वर्षांचा. पण न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्या आणि तिथले पियानोवाले त्याच्याइतके रंगवून क्वचितच कुणी सांगितले असतील.

चरित्रात अवतरणचिन्हांतले संवाद दिसले, की ते ऐकायला तिथे कोण हजर होतं, हा प्रश्न विचारा. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या तबकड्या काढणारे रॉस रसेल यांचं ‘बर्ड लिव्हज!’ (1973) झपाटून वाचून होतं, पण ते कादंबरीच्या अंगाने लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवूनच वाचावं. याउलट रॉबिन केली यांचं पियानोवादक थेलोनियस मंकचं चरित्र (2009). मंक म्हणजे विक्षिप्त, आपल्याच तंद्रीत राहणारा माणूस, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं होतं. केली कुटुंबीयांशी बोलतात, कागद तपासतात आणि मग सांगतात की 1951मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाल्यावर मंकचं कॅबरे कार्ड गेलं. ते कार्ड नसेल तर न्यू यॉर्कमधल्या दारू विकणाऱ्या क्लबात वाजवता येत नसे. 1957पर्यंत तो तिथे दिसेनासा होण्याचं हे मोठं कारण. चांगलं चरित्र स्वभावाच्या गोष्टींवर न थांबता असे नियम आणि पोटापाण्याचे हिशेब समोर ठेवतं.

इतिहासाचं पुस्तक असेल तर 1942चं प्रकरण काढा. त्या वर्षीच्या 1 ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रण बंद पाडलं. व्हिक्टर आणि कोलंबिया या बड्या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर 1944 उजाडला. नेमक्या याच काळात हार्लेममधल्या मिंटन्ससारख्या ठिकाणी मंक, डिझी गिलेस्पी, केनी क्लार्क, पार्कर हे बीबॉप नावाचं नवं संगीत घडवत होते. तबकड्यांवरून पाहिलं तर बीबॉप 1945च्या सुमारास एकाएकी उपटल्यासारखा वाटतो. लेखक या संपाचा उल्लेखही न करता ‘क्रांती’ म्हणून मोकळा होत असेल, तर त्याचा इतिहास तबकड्यांच्या पलीकडे गेलेला नाही. नामसूचीत मेरी लू विल्यम्स हे नावही पाहा. ती पियानोवादक आणि रचनाकार होती. नुसती ‘बायका’ या परिच्छेदात आटोपली असेल तर सावध व्हा.

संगीताविषयीचं लेखन तपासायला आपण ऐकलेली एखादी तबकडी निवडावी. आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’ घ्या, शिकागो, 28 जून 1928. ‘अद्भुत’, ‘काळजाला भिडणारं’ असे शब्द कुणालाही सुचतील. जाणता लेखक कान नेमका कुठे लावायचा ते सांगतो: सुरुवातीला कुणाचीही साथ नसलेला ट्रम्पेट, मधे क्लॅरिनेटला आर्मस्ट्राँगने शब्दांवाचून गाऊन दिलेली उत्तरं, मग अर्ल हाइन्सचा पियानो आणि शेवटच्या आवर्तनात जवळजवळ चार मात्रागट धरून ठेवलेला एकच उंच स्वर. गुंथर शुलर यांचं ‘अर्ली जॅझ’ (1968) अशा विश्लेषणासाठी नावाजलेलं आहे. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत असेल तर त्याची खरी गोडी लागते.

मुंबईचा अध्यायही याच कसोट्या लावून वाचावा. 1935मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, नंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत नेली, सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्यातलाच. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या साऱ्याची कहाणी सांगतं. त्याला जोड म्हणून ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) वाचावं. त्यात स्टुडिओतले वादक स्वतः बोलतात.

नव्या वाचकाला सुरुवातीला तीन पुस्तकं पुरतील. काळाचा सांगाडा कळावा म्हणून टेड जिओया यांचं ‘द हिस्टरी ऑफ जॅझ’, तेही 2021च्या तिसऱ्या आवृत्तीतलं. ज्याच्या तबकड्या आधीपासून आवडतात अशा एकाचं चरित्र. आणि तिसरं, शॅपिरो व हेंटॉफ यांनी वादकांच्याच बोलण्यातून गुंफलेलं ‘हिअर मी टॉकिन टू या’ (1955). ही तिन्ही एकमेकांशी पडताळत वाचली, की कुठे जुळतं, कुठे खटकतं हे समजू लागतं आणि चौथं पुस्तक निवडताना कुणाला विचारायची फारशी गरज राहत नाही.