मालकाला सगळं येत नव्हतं, तरी कारखाना उभा राहिला

लोधीखेडा : सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात धंदा टाकायचं म्हटलं की नजर दोनच दिशांना जाते. एक रस्ता सावनेरवरून नागपूरला, दुसरा छिंदवाड्याला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडसारखे मोठे कारखाने आधीपासून आहेत. संत्र्याचे बगीचे आहेत, कापूस आहे. तरी इथला एखादा मुलगा किंवा मुलगी स्वतःचं काही सुरू करते तेव्हा बहुधा एकटीच्या भरवशावर. माल स्वतः आणायचा, फोन स्वतः उचलायचा, हिशेबाची वही आपल्याच खिशात आणि उधारी कोणाकडे किती, ते आपल्याच डोक्यात. चार दिवस ताप आला की शटर खाली.

याला लोक मेहनत म्हणतात, आणि मेहनत ती आहेच. पण धंदा दोन-तीन माणसांच्या पुढे का सरकत नाही, याचं कारणही पुष्कळदा तेच असतं. ‘लीडरशिप’च्या नावाखाली मोबाइलवर जे व्हिडिओ फिरतात त्यात पहाटे चारला उठा, मोठं स्वप्न बघा, हार मानू नका, असं बरंच सांगतात. आपल्याला काय येत नाही ते ओळखून ते काम दुसऱ्याच्या हाती द्या, हे सांगणारा क्वचित. त्यापेक्षा एका जुन्या मराठी उद्योगाची हकिकत जास्त कामाची आहे. तीही सीमाभागातली, फक्त कर्नाटकाच्या बाजूची.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते वडिलांच्या मनाविरुद्ध मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने खेळ खलास. त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटनं शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत १८८८ मध्येच सायकलचं दुकान सुरू झालेलं होतं. त्या काळी सायकल विकणं पुरेसं नव्हतं, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावं लागे. दुकानातून पुढे छोटा कारखाना झाला आणि कडबा कापायचं यंत्र तयार झालं. १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला.

आणि तो विकला जाईना.

पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट नेहमी शेतकऱ्याला हसण्यासाठी सांगतात, ते काही बरोबर नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा. नवा लोखंडी नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर तुटला तर कोणाकडे जायचं? एक हंगाम गेला म्हणजे घरचं वर्ष गेलं. ‘विष’ या शब्दाच्या आड ही भीतीही असणार. कारखानदाराचं फार तर भांडवल अडकतं, शेतकऱ्याची भाकरीच पणाला लागते.

आपल्याकडे संत्र्यात आज हेच दिसतं. कोणी शिकलेला पोरगा शेतकऱ्याला म्हणतो, बहार झाडावरच व्यापाऱ्याला देऊ नका; माल निवडू, पेट्या भरू, थेट शहरात विकू. शेतकरी मान डोलावतो आणि सौदा व्यापाऱ्याशीच करतो. पोरगा घरी येऊन म्हणतो, ‘लोकायले समजतच नाही.’ लोकांना सगळं समजतं. व्यापारी आगाऊ पैसे देतो, तोडणीचे मजूर स्वतः आणतो, गारपीट झाली तर निदान काही रक्कम आधीच हातात आलेली असते. नव्या धंदेवाल्याकडे या तिन्हीपैकी काय आहे, हा त्या शेतकऱ्याचा न विचारलेला सवाल. तो ऐकू येणं हे धंदा चालवणाऱ्याचं पहिलं शिक्षण, आणि ते कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

बत्तीस एकर आणि पंचवीस कुटुंबं

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं तोवर दुसरं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी जागा हवी होती, त्यामुळे कारखाना हलवण्याची वेळ आली. त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात मंदिराच्या मंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले. जमीन कसली, निवडुंगाचं रान, त्यात साप. १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथे राहायला गेली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

राजाची मदत मोठी होती, ती विसरून चालणार नाही. सगळं एकट्याच्या जिद्दीवर झालं असं सांगणं सोपं असतं. आज ज्याच्या मागे असा राजा नाही, त्याला फक्त जिद्दीचे डोस पाजणं बरं नव्हे. पण राजाकडून मिळाली जमीन आणि रक्कम. वस्ती चालवायला माणसं लागतात. खरं बघण्यासारखं आहे ते लक्ष्मणरावांनी जमवलेल्या माणसांत.

वस्ती आखणं आणि चालवणं रामूअण्णांकडे. यंत्रं शंभुराव जांभेकरांकडे. हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण यंत्राच्या कामात त्यांचं डोकं असं चाले की ते कारखान्याचे कल्पक इंजिनिअर ठरले. के. के. कुलकर्णी परीक्षेत न चमकलेले, ते व्यवस्थापक झाले. रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. चोरी सांभाळायला चोर, असं तेव्हाही कोणी म्हटलं असेल.

यातल्या किती जणांना आजच्या नोकरीच्या जाहिरातीत जागा मिळाली असती? बायोडाटा बघूनच अर्धे बाद झाले असते. लक्ष्मणरावांनी कागद बघितला नाही, हात बघितला. स्वतः एका दोषामुळे चित्रकलेतून बाहेर पडलेल्या माणसाला दुसऱ्याचा नापासाचा शिक्का फार मोठा वाटला नसावा. महत्त्वाचं म्हणजे, काम दिलं ते पूर्ण दिलं. हिशेब रेग्यांचा तर रेग्यांचा. अर्धा अधिकार देऊन संध्याकाळी वही पुन्हा आपल्याकडे घेणारा मालक माणूस ठेवत नाही, फक्त पगार वाढवतो.

पुढे हेच घरातही झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीतून शिकून १९२६ मध्ये परतला आणि कामाला लागला. नांगर-पंपांच्या पुढे डिझेल इंजिनं आली, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. लक्ष्मणराव गेले १९५६ मध्ये. त्याआधी दहा वर्षं त्यांचा उद्योग त्यांच्या नांगरापासून लांब गेलेला होता.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर ते मध्य प्रदेशाशी नातं सांगणारंच आहे. भोपाळमध्ये वाढलेले आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टम्स काढली. शेअर बाजारात कंपनी आली २०१० मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. सध्याच्या स्टार्टअपच्या घाईत हा आकडा ध्यानात ठेवावा. २०२० मध्ये रोजचा कारभार बघणारं मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद संदीप कालरा यांच्याकडे गेलं. संस्थापक अध्यक्ष राहिले.

लोधीखेड्यातल्या पाच-सहा जणांच्या धंद्याला एवढं मोठं काही करायचं नाही. सुरुवात बहुधा हिशेबापासूनच करावी लागते, कारण मालकाचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो आणि चुकाही तिथेच होतात. पूर्ण पगाराचा मुनीम परवडत नसेल तर ओळखीच्या तीन-चार दुकानदारांनी मिळून एक ठेवावा, आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. बारावी झालेली, आकड्यांना पक्की मुलगी गावातच मिळते. तिला नागपूरला पाठवायची गरज नाही. मात्र ती पहिल्या दिवशी वही उघडून विचारेल की बाजारात उधारी नेमकी किती आहे. तो आकडा तिला खरा सांगावा लागेल. घरीसुद्धा आजवर सांगितला नसेल तरी.