अधिक चिन्हाचं दशक

गुगलच्या ‘ॲडवर्ड्स’ या जाहिरात-व्यवस्थेला ऑक्टोबर 2025 मध्ये पंचवीस वर्षं पूर्ण झाली. 2000 साली 350 जाहिरातदारांना घेऊन सुरू झालेली ही व्यवस्था आता गल्लीतल्या दुकानदारापर्यंत पोचली आहे. 2025 च्याच मे महिन्यात ‘एआय मॅक्स’ नावाची सोय जाहीर झाली. ती चालू केली की तुम्ही दिलेल्या शब्दांच्या पलीकडे जाऊन, तुमची वेबसाइट वाचून, जाहिरात कोणाला दाखवायची हे यंत्र ठरवतं. जाहिरातदाराने शब्द निवडायचा आणि त्या शब्दाला पैसे मोजायचे, या पायावर जो धंदा उभा राहिला, त्यात शब्दाची गरजच हळूहळू संपत आली आहे. मला हे लागलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यासारख्या, गुजरातला टेकलेल्या तालुक्यात बसून छोट्या माणसांच्या जाहिराती लावणाऱ्याकडे भांडवल असं दुसरं काही नसतंच. आपल्या गिऱ्हाइकाचे शब्द मुंबई-पुण्याच्या एजन्सीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतात, एवढीच त्याची पुंजी.

पहिल्या दहा वर्षांवर मी रेंगाळणार नाही. शोधलेल्या शब्दावर बोली लावायची आणि क्लिक पडला तरच पैसे द्यायचे, ही कल्पना 1998 मध्ये अमेरिकेत ‘गोटू’ या कंपनीने आणली. गुगलने 2002 मध्ये तिच्यात मोलाची भर घातली. नुसती बोली मोठी असून भागेना, लोक जाहिरातीवर किती वेळा क्लिक करतात तेही क्रमवारीत धरलं जाऊ लागलं. कमी पैसेवाल्यालाही नेमकी जाहिरात लिहून वर येता येऊ लागलं ते तेव्हापासून. त्या काळात आमच्याकडे इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे आणि परीक्षेचे निकाल. जाहिरात कोण लावणार होतं?

पुढचं समजायला जुळणीचे नियम माहीत हवेत. त्यासाठी आमच्या तालुक्यातल्या मोलगीचा आमचूर घेऊ. उन्हाळ्यात सातपुड्याच्या पाड्यांवर घरोघर कैऱ्या सोलून, कापून अंगणात वाळत घातलेल्या दिसतात. काप जितका पांढरा, तितका भाव बरा. हा माल मोलगीच्या बाजारात येतो आणि तिथून व्यापाऱ्यांमार्फत लांब जातो. समजा, असा एक व्यापारी बाहेरगावच्या मसालेवाल्यांना थेट गाठायचं ठरवतो आणि ‘आमचूर होलसेल’ हे शब्द गुगलला देतो. जाहिरातदार देतो तो कीवर्ड. गिऱ्हाईक शोधताना टाइप करतं ती सर्च टर्म. या दोघांची गाठ किती सैल किंवा किती घट्ट बांधायची, ते ठरवणं म्हणजे मॅचिंग.

शब्द नुसता दिला, कसलंही चिन्ह लावलं नाही, तर ब्रॉड मॅच. नवशिक्याचे पैसे जातात ते इथे, कारण काही न करणाऱ्याला आपोआप हाच प्रकार मिळतो. मग ‘आमचूर घरी कसा करायचा’ विचारणाऱ्यालाही आमच्या व्यापाऱ्याची जाहिरात दिसू शकते, आणि त्याने क्लिक केलं की पाच क्विंटल घेणाऱ्याच्या क्लिकसारखेच पैसे कापले जातात. शब्द अवतरणचिन्हांत दिला की फ्रेज मॅच. जुन्या नियमाने ते शब्द त्याच क्रमाने यायला हवेत, मागेपुढे आणखी काही असलं तरी चालेल. म्हणजे ‘नंदुरबार आमचूर होलसेल भाव’ चालेल, ‘होलसेल आमचूर’ चालणार नाही. चौकोनी कंसात, [आमचूर होलसेल] असा दिला की एक्झॅक्ट मॅच: जुन्या नियमाने तेवढेच शब्द, कमी नाही, जास्त नाही. आणि चौथा प्रकार निगेटिव्ह कीवर्ड. ‘रेसिपी’, ‘फायदे’, ‘नोकरी’ असे शब्द शोधात असतील तर आपली जाहिरात दाखवूच नका, असं बजावणारी यादी.

2010 मध्ये यात अधिकचं चिन्ह आलं. +आमचूर +होलसेल असं लिहिलं की दोन्ही शब्द शोधात असलेच पाहिजेत, क्रम कोणताही, मध्ये काहीही. ब्रॉडची व्याप्ती आणि एक्झॅक्टची शिस्त यांचा इतका चांगला मेळ मी दुसऱ्या कुठल्या साधनात पाहिला नाही. लोक शोधताना व्याकरण पाळत नाहीत. ‘भाव होलसेल आमचूर पांढरा’ असंही लिहितात. त्या सगळ्यांपर्यंत पोचायचं, पण रेसिपीवाल्याला वगळायचं, हे एका चिन्हाने साधत होतं. पुढची दहा वर्षं त्या चिन्हाची होती. या कामात मला आनंद वाटला तो त्याच दशकात.

कारण तेव्हा काम म्हणजे माणसं ओळखणं होतं. सर्च टर्मची यादी उघडायची आणि ओळ न् ओळ वाचायची. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ नावाजलेली, तिचंच उदाहरण घ्या. ‘आजचा मिरची भाव’ शोधणारा बहुधा शेतकरी असतो, त्याला माल विकायचा असतो. ‘मिरची विकत पाहिजे’ म्हणणारा घेणारा, ‘मिरची विकायची आहे’ म्हणणारा देणारा. दोन्ही शोध दिसायला सख्खे भाऊ, धंद्यात एकमेकांच्या समोर बसलेले. मिरची पावडर विकणाऱ्याने ‘आजचा’ आणि ‘विकायची’ हे दोन शब्द निगेटिव्हमध्ये टाकले की त्याचा खर्च लगेच ताळ्यावर येतो. हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही. बाजारसमितीच्या आवारात उभं राहणाऱ्याला कळतं. त्यात आमचा भाग भाषांचा. घरात अहिराणी किंवा भिली, दुकानात गुजराती, शाळेत मराठी, मोबाइलवर रोमन लिपी. आमचूरची रोमनमध्ये तीन-चार स्पेलिंगं होतात. गुजरातेतल्या सागबारा-डेडियापाड्याकडचा माणूस तोच माल गुजरातीत शोधतो. प्रत्येक रूप हाताने लिहावं लागे, आणि ते लिहिणाऱ्यालाच त्याचं फळ मिळे.

2012 मध्ये फ्रेज आणि एक्झॅक्ट दोन्ही थोडे सैल झाले. अनेकवचन, चुकीचं स्पेलिंग, शब्दाची जवळची रूपं धरली जाऊ लागली. ते मला पटलं होतं. चुकीच्या स्पेलिंगमुळे गिऱ्हाईक हुकू नये, यात गैर काय? शिवाय नको असेल तर ते बंद करता येत होतं. 2014 मध्ये बंद करायची सोय काढून घेतली. नियम बदलण्यापेक्षा नकार देण्याचा हक्क जाणं जास्त वाईट, हे तेव्हा फार थोड्यांनी बोलून दाखवलं. 2017 मध्ये एक्झॅक्टमध्येही शब्दांचा क्रम सुटला.

मग 2018 आलं. त्या वर्षी गुगलच्या जाहिरात-व्यवस्थेत मराठीला अधिकृत जागा मिळाली. इंग्रजीची काठी न घेता मराठी दुकानदाराला स्वतःच्या भाषेत जाहिरात लावता येणार होती. आम्ही किती वाट पाहिली होती त्याची. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक्झॅक्ट मॅचचा अर्थ पालटला. आता तोच शब्द असण्याची गरज उरली नाही, ‘त्याच अर्थाचा’ शोध पुरेसा झाला. अर्थ कोण ठरवणार? यंत्र. इंग्रजीत ते बऱ्यापैकी ठरवतं, कारण इंग्रजीचा ढीग त्याच्यापुढे पडलेला आहे. मराठीचा कमी, अहिराणीचा त्याहून कमी, भिली-पावरीचा जवळपास नाहीच. म्हणजे मराठीला दार उघडलं तेव्हा आतली कडी काढून ठेवलेली होती. ज्या भाषांच्या माणसांना नेमक्या शब्दाची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांच्या हाती ते हत्यार धार गेल्यावर आलं. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

2019 मध्ये फ्रेज आणि अधिकचं चिन्हही अर्थाच्या मागे गेलं. सप्टेंबर 2020 मध्ये सर्च टर्मची यादी आखडली: पुरेशा लोकांनी शोधलेल्या टर्मच दाखवणार, बाकीच्यांचे पैसे घेणार पण शब्द सांगणार नाही. कारण गोपनीयतेचं दिलं गेलं. शहरातल्या मोठ्या जाहिरातदाराला हे सोसतं. पण आमच्या तालुक्यातले शोध मुळातच थोडे, विखुरलेले, वेगवेगळ्या लिपींतले. छाटले गेले ते नेमके असलेच शोध. फेब्रुवारी 2021 मध्ये अधिकचं चिन्ह फ्रेज मॅचमध्ये विलीन होणार असं जाहीर झालं आणि जुलैनंतर नवं लिहिता येईनासं झालं.

या सगळ्या वर्षांत व्यासपीठांवरून ‘यंत्रावर विश्वास ठेवा’ असं सांगणारे तज्ज्ञ मला विसरता येत नाहीत. महिन्याला लाखो रुपये खर्चणाऱ्या खात्यांचे आलेख ते दाखवत. यंत्र शिकतं ते आकड्यांतून, मोठ्या खात्यात रोज शेकडो ऑर्डरी येतात, तिथे ते शिकेलच. हंगामात मोजके फोन येणाऱ्या आमचूरवाल्याच्या खात्यात ते काय शिकणार? आणि शिकेपर्यंतची फी कोणी भरायची? हा प्रश्न विचारला की काळाबरोबर चला, असं उत्तर मिळे. गुगलच्या सूचना मानल्या की वाढणाऱ्या ‘ऑप्टिमायझेशन स्कोअर’चे टक्के दाखवून ब्रॉड मॅच लावा म्हणणाऱ्यांचंही तेच. त्या सूचना नाकारल्या तरी स्कोअर वाढतो, हे त्यांच्यापैकी कोणी आपणहून सांगत नसे.

5 ऑगस्ट 2024 रोजी वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधाची आणि शोधातल्या मजकुरी जाहिरातींची मक्तेदारी बेकायदा टिकवली, असा निकाल दिला. जाहिरातदारांचा कीवर्डवरचा ताबा कमी होणं आणि सर्च टर्मची माहिती आटणं, या गोष्टींची चर्चा त्या निकालपत्रात आहे. आम्ही वर्षानुवर्षं जे बोलत होतो ते कोर्टाच्या कागदावर आलं, याचं समाधान आहे. पण त्याच सुमारास नव्या कॅम्पेनमध्ये ब्रॉड मॅचचं बटण आधीच चालू ठेवलेलं मिळू लागलं होतं.

मागणी मोठी नाही. चौकोनी कंस पुन्हा चौकोनी कंस होऊ द्या. ज्याला अर्थ हवा त्याला अर्थ द्या, ज्याला शब्द हवा त्याला शब्द द्या, आणि ज्या क्लिकचे पैसे कापले त्या क्लिकमागचा शोध दाखवा.

तोवर शब्दाला शब्द म्हणून धरणारी एकच जागा उरली आहे, निगेटिव्हची यादी. तिथे 2024 पासून चुकीची स्पेलिंगं आपोआप धरली जातात, पण समानार्थी शब्द अजूनही नाहीत. ‘रेसिपी’ लिहिलं तर ‘कृती’ अडत नाही, ती वेगळी लिहावी लागते, आणि ‘रीत’ही. नव्याने जाहिरात लावणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या पोरांना मी म्हणूनच आधी ही यादी करायला बसवतो. नको असलेलं गिऱ्हाईक काय म्हणून शोधेल ते घरच्यांना विचारा, बाजारातल्या हमालांना विचारा, गुजरातकडच्या पाहुण्यांना विचारा, रोमनमध्येही लिहून काढा. मोलगीत नवा आमचूर उतरायच्या आत, मार्चमध्येच, ती खात्यात चढवलेली असली पाहिजे.