जुनं घर आणि विजेचं बिल : वसई-विरारकरांचे सात गैरसमज

निर्मळ-आगाशीच्या वाड्यांमधली कौलारू घरं असोत, नाहीतर नालासोपारा-विरारच्या स्टेशनजवळच्या तीसेक वर्षांच्या चार मजली इमारती असोत, एप्रिल-मेचं बिल हातात पडलं की सगळीकडे तीच चर्चा सुरू होते. कुणी एसी बदलायला सांगतं, कुणी सोलर लावायला. घर जुनं असेल तर क्रम महत्त्वाचा : आधी वीज वाया जाणं थांबवायचं, मग सवलती पदरात पाडून घ्यायच्या आणि शेवटी स्वतःची वीज तयार करायची. पैसे गैरसमजापोटी वाया जाऊ नयेत म्हणून ही उजळणी.

गैरसमज १ : शंभर युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो.

वस्तुस्थिती : महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. १०१ वं युनिट महाग पडतं, पण पहिल्या शंभरांना पहिलाच दर लागतो. याचा फायदा असा की, वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातून वजा होतं. ३४० युनिट वापरणाऱ्या घरानं चाळीस युनिट वाचवले, तर ते सगळे ३०१ ते ५०० च्या दरातले असतात. म्हणून छोट्या बचतीलाही वाटतं त्यापेक्षा जास्त किंमत आहे.

गैरसमज २ : पंखा फिरतोय तोवर बदलायचा कशाला?

वस्तुस्थिती : जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा २८ ते ३५ वॉट. दिवसाला बारा तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात, तीन बदलले की ४८. आपल्याकडच्या दमट हवेत पंखे जवळजवळ वर्षभर चालतात, त्यामुळे हा खर्च लवकर भरून निघतो. भिंतीवर जुना मोठा चौकोनी रेग्युलेटर असेल, तर पंखा हळू केल्यावर वाचायला हवी ती बरीचशी वीज त्यातच उष्णता होऊन जाते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं तारांकन सक्तीचं आहे. फ्रीज आणि एसी घेताना मात्र नुसते तारे मोजू नका, लेबलवरचं वर्ष पाहा. निकष वेळोवेळी कडक होतात. दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत.

गैरसमज ३ : प्लगमध्ये लावायचा ‘पॉवर सेव्हर’ बिल निम्मं करतो.

वस्तुस्थिती : अशा डबीत बहुधा एक कपॅसिटर असतो आणि तो पॉवर फॅक्टर सुधारतो. घरगुती मीटर मात्र प्रत्यक्ष वापरलेले किलोवॉट-तास मोजतं आणि बिल त्यावरच येतं. त्यामुळे बिलात फरक पडत नाही. तेच पैसे एलईडी दिव्यांना लावा, किंवा वायरमनला बोलावून जुनं वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या.

गैरसमज ४ : वरच्या मजल्यावर एसीशिवाय गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती : वरच्या मजल्यावरची बरीचशी उष्णता गच्चीच्या स्लॅबमधून उतरते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर काळा थर दिला असेल, तर तो आणखी ऊन शोषतो. वॉटरप्रूफिंग करायचंच आहे, तर वरचा थर पांढरा, ऊन परतवणारा घ्या. चायना मोझॅकची जुनी पद्धतही हेच काम करते. कौलारू घरात उलट काळजी घ्यावी लागते. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते आणि पडवी भिंतींवर सावली धरते. खाली फॉल्स सीलिंग ठोकताना हवा निघून जायला वाट ठेवली नाही, तर तेच घर कोंदट होतं. एवढं केल्यावरही एसी लागलाच, तर तो २४ अंशांवर ठेवा. तापमान एकेक अंशानं वर नेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

गैरसमज ५ : महावितरण फक्त बिल पाठवतं, सवलत देत नाही.

वस्तुस्थिती : सवलती आहेत, त्या मिळवाव्या लागतात. छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेणाऱ्या ‘गो-ग्रीन’ ग्राहकांना प्रत्येक बिलामागे दहा रुपये सूट आहे. बिल ठरलेल्या तारखेआधी भरलं तर तत्पर भरण्याची सूट मिळते. सर्वांत मोठी सोय टीओडी, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणाऱ्या मीटरची आहे. हे मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. वॉशिंग मशीन, इस्त्री, विहिरीवरून टाकी भरायची मोटर ही कामं दुपारकडे सरकवली की काहीही खर्च न करता हा लाभ मिळतो.

गैरसमज ६ : सोलर बसवलं की वीज गेली तरी घरात उजेड, पण पावसाळ्यात मात्र सगळं ठप्प.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. बॅटरी नसलेली, ग्रीडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद होते. तसं झालं नाही तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका होईल. म्हणजे पावसाळ्यात वीज जाण्याचा त्रास सोलरनं मिटत नाही, त्यासाठी बॅटरी वेगळी लागते. उलट ढगाळ दिवसांत निर्मिती घटते, पण शून्य होत नाही. एक किलोवॉट यंत्रणा वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देते. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिट पुढच्या महिन्यांत जमा होत जातात आणि हिशोब आर्थिक वर्षाच्या शेवटी होतो. आपल्याकडे समुद्राची खारी हवा असल्यानं पॅनेलखालचा सांगाडा चांगल्या गॅल्व्हनायझिंगचा किंवा अॅल्युमिनियमचा हवा.

गैरसमज ७ : सोलरचं अनुदान कागदावरच असतं, आणि सोसायट्यांना तर ते नाहीच.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पॅनेल भारतीय बनावटीची हवीत, विक्रेता नोंदणीकृत हवा आणि अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावा लागतो. यंत्रणा बसून नेट मीटर लागलं की रक्कम थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी गृहनिर्माण सोसायट्यांना किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची अट २०२४ मध्ये काढून टाकली आहे.

जुन्या इमारतींनी एक पायरी मात्र गाळू नये. तीस वर्षांवरील इमारतींना महापालिका कायद्यानुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. गच्चीवर सांगाडा चढवण्याआधी ही तपासणी करणाऱ्या अभियंत्याचं मत लेखी घ्या, कारण वजनाबरोबर वादळी वाऱ्याचा ताणही स्लॅबवर येतो. सर्वसाधारण सभेचा ठरावही हवा.

क्रमाचा फायदा आकड्यांत दिसतो. ३४० युनिट वापरणाऱ्या घराला सोलर लावायचं तर तीन किलोवॉट हवेत. पंखे आणि दिवे बदलून, एसीचा वापर आवरून तोच वापर अडीचशेच्या आत आणला तर दोन किलोवॉटमध्ये काम होतं, गच्चीही कमी लागते.

म्हणून कुठल्याही विक्रेत्याला फोन करण्याआधी महावितरणचं बिल नीट वाचा. गेल्या बारा महिन्यांचा वापर त्यावरच छापलेला असतो. कोणत्या महिन्यात युनिट वाढली आणि का, हे घरातल्या सगळ्यांनी बसून शोधा. सोसायटी असेल तर पुढच्या सभेत सामाईक मीटरचं बिल विषयपत्रिकेवर घ्या. अनुदानाची मुदत कायमची नसते, त्यामुळे ही तयारी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबवू नका.