बंद झालेल्या शाळेची मुलं
(पातळी ४ : वाचा आणि विचार करा)

सुट्टीत भारतात गेलात की एक प्रश्न हमखास येतो. रेल्वेत शेजारी बसलेल्या आजी विचारतात, लग्नात भेटलेले काका विचारतात, "काय रे बाळा, गाव कोणतं तुझं?"

तुम्ही आईकडे बघता. आई म्हणते, "तसे आम्ही साताऱ्याकडचे, पण आता हॉलंडला असतो." तुमच्या मनात मात्र वेगळंच उत्तर असतं : नीउ-व्हेनेप. तिथे तुमची शाळा आहे, सायकल आहे, मित्र आहेत. पण आजींना नीउ-व्हेनेप माहीत नसतं. आणि बाबांचं किंवा आईचं इथलं काम संपलं, तर पुढच्या वर्षी तुमचं उत्तर बदलेलही.

हा प्रश्न फक्त तुम्हालाच अवघड जातो असं समजू नका. जगात अशी हजारो माणसं आहेत, जी आज आजी-आजोबा झाली, तरी या प्रश्नाला चटकन उत्तर देऊ शकत नाहीत. त्यांची लहानपणीची शाळाही आता राहिलेली नाही. तरीसुद्धा ती एकमेकांना शोधून काढतात आणि "आपली शाळा" म्हणून भेटतात. आज त्यांच्याबद्दल वाचू या. सुरुवात आपल्या जवळच्याच एका जागेपासून करू.

सूस्टरबर्गची धावपट्टी

नीउ-व्हेनेपहून गाडीने साधारण तासाभरात सूस्टरबर्गला पोचता येतं. तिथे नॅशनल मिलिटरी म्यूझियम आहे. तुमच्यापैकी काही जण शाळेच्या सहलीला गेलेही असतील. हे म्यूझियम डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. त्याच्या बाहेर एक लांबच लांब धावपट्टी आहे. आता तिथून विमानं उडत नाहीत. लोक तिथे फिरायला येतात.

पूर्वी हा लष्करी विमानतळ होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर एका बाजूला अमेरिका आणि तिचे मित्रदेश, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत युनियन, असे दोन गट पडले. प्रत्यक्ष लढाई नव्हती, पण भीती कायम होती. यालाच शीतयुद्ध म्हणतात. त्या काळात, १९५४ पासून, अमेरिकेचं हवाई दल सूस्टरबर्गला राहायला आलं. त्यांच्या वस्तीचं नाव होतं कॅम्प न्यू ॲमस्टरडॅम. गंमत बघा : न्यूयॉर्क शहराचं जुनं डच नावही न्यू ॲमस्टरडॅमच होतं. डच लोकांनी अमेरिकेत नेलेलं नाव अमेरिकन लोकांनी पुन्हा डच जमिनीवर आणलं!

आता विचार करा. सैनिक आले, म्हणजे त्यांची कुटुंबं आली. कुटुंबं आली, म्हणजे मुलं आली. मग ही मुलं शिकणार कुठे?

बदलीच्या गावी शाळा

अमेरिकेने या प्रश्नाचं उत्तर १९४६ मध्येच शोधलं होतं. त्या वर्षी जर्मनी आणि जपानमधल्या अमेरिकन सैनिकांच्या मुलांसाठी सरकारने शाळा उघडल्या. पुढे अशा शाळा कितीतरी देशांत सुरू झाल्या. शिक्षक अमेरिकन, पुस्तकं अमेरिकन, खेळही अमेरिकन. फाटकाबाहेर मात्र वेगळा देश आणि वेगळी भाषा. काही देशांत मोठ्या मुलांसाठी शाळाच नव्हती. मग त्यांच्यातल्या काहींना वसतिगृहात पाठवत. लंडनजवळच्या लंडन सेंट्रल हायस्कूलमध्ये असं वसतिगृह होतं. ती शाळाही २००७ मध्ये बंद झाली.

भारतातही अशी सोय आहे. तुमचे कोणी काका, मामा किंवा आजोबा सैन्यात असतील, तर त्यांच्या मुलांना विचारा. ती बहुतेक 'केव्ही'त, म्हणजे केंद्रीय विद्यालयात शिकलेली असतील. १९६३ मध्ये सैन्याच्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ही योजना सुरू झाली. पुण्यातून जम्मूला बदली झाली तरी अभ्यासक्रम तोच, म्हणजे मुलांचं वर्ष वाया जात नाही. अभ्यासाची सोय झाली, पण मैत्रीची? ती मात्र प्रत्येक बदलीनंतर नव्याने करावी लागते.

अमेरिकन सैनिकांची मुलं स्वतःला 'ब्रॅट' म्हणवतात. मराठीत सांगायचं तर 'कार्टं'. एरवी हा शब्द रागाने वापरतात. पण आजी कशी लाडाने म्हणते, "आलं का माझं कार्टं!" अगदी तसंच. ही मुलं तो शब्द अभिमानाने मिरवतात.

आणि एक दिवस शाळा बंद होते

शीतयुद्ध संपलं. १९९४ मध्ये अमेरिकन हवाई दल सूस्टरबर्ग सोडून गेलं. मुलं गेली, शाळाही संपली.

रिकाम्या शाळेचं पुढे काय झालं, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर एक अमेरिकन विमान बॉम्बस्फोटाने कोसळलं. २७० माणसं मरण पावली. आरोपी लिबिया देशाचे होते. खटला स्कॉटलंडच्या कायद्याने, पण तिसऱ्याच देशात चालवायचं ठरलं. जागा निवडली ती हीच. पूर्वी जिथे शाळा भरायची, त्या इमारतीत न्यायालय तयार केलं. मे २००० मध्ये सुनावणी सुरू झाली आणि जानेवारी २००१ मध्ये निकाल लागला. तीन न्यायाधीशांनी एका आरोपीला दोषी ठरवलं, दुसऱ्याला सोडून दिलं. जगभरच्या बातम्यांत ती जागा दिसत होती. ज्यांनी तिथे लहानपणी डबा खाल्ला असेल, त्यांना ते बघताना काय वाटलं असेल?

प्रत्येक शाळेची गोष्ट वेगळी आहे. लिबियातच, त्रिपोली शहराजवळ, व्हीलस नावाचा मोठा अमेरिकन तळ होता. तिथे सत्ता बदलली आणि १९७० मध्ये अमेरिकन लोकांना तो सोडावा लागला. बर्लिनमधलं अमेरिकन हायस्कूल १९९४ मध्ये बंद झालं. त्याच्या जागी आज जर्मन मुलांची शाळा भरते आणि तिला विल्मा रुडॉल्फ या अमेरिकन धावपटूचं नाव दिलेलं आहे.

सगळ्यात विलक्षण गोष्ट फिलिपिन्सची. तिथल्या क्लार्क तळावर वॅग्नर हायस्कूल होतं. जून १९९१ मध्ये जवळचा पिनाटुबो ज्वालामुखी जागा झाला. १० जूनला हजारो लोकांना गाड्यांतून बाहेर काढलं. १५ जूनला प्रचंड उद्रेक झाला आणि तळावर राखेचा थर बसला. ती शाळा पुन्हा कधीच उघडली नाही. वर्गमित्रांचा धड निरोपसुद्धा घेता आला नाही.

भेटायचं कुठे?

आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा कसा असतो? शाळेचं तेच पटांगण, तोच फळा, स्टेजवर बसलेल्या बाई आणि सर. सगळे जण आपापल्या जुन्या बाकावर बसून फोटो काढतात. पण शाळाच नसेल, आणि होती तीसुद्धा दुसऱ्या देशात, तर मेळावा कुठे भरवायचा?

ही मंडळी अमेरिकेत एखाद्या शहरातलं हॉटेल ठरवतात आणि तिथे जमतात. पण त्यांच्या मेळाव्यात एक मोठा फरक असतो. आपण विचारतो, "तू कोणत्या बॅचची?" ते विचारतात, "तू तिथे कोणत्या वर्षी होतीस?" कारण दर दोन-तीन वर्षांनी बदली. पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच शाळेत राहिलेलं मूल सापडणं कठीण. मग एका बॅचचा मेळावा भरवून उपयोग काय? म्हणून सगळ्या वर्षांचे विद्यार्थी एकत्र येतात. सत्तर वर्षांच्या आजोबांशेजारी पन्नाशीतली बाई बसते. दोघं शाळेत कधीच एकत्र नव्हती. तरी दोघांना कॅन्टीनचा तोच वास आठवतो, तळाच्या फाटकावरचा तोच पहारा आठवतो.

एकमेकांना शोधायला त्यांना सगळ्यात जास्त मदत होते ती इयरबुकची. दर वर्षी शाळा एक पुस्तक छापायची. त्यात प्रत्येकाचा फोटो आणि नाव असायचं. शेवटच्या दिवशी मुलं एकमेकांच्या पुस्तकात सह्या करायची. शाळा बंद पडल्यावर ही पुस्तकं अनमोल झाली. लोक त्यांची पानं स्कॅन करून एकमेकांना देतात. अमेरिकेत परदेशांतल्या अशा शाळांच्या इतिहासासाठी एक संस्था आहे. तिने कॅन्ससमधल्या विचिटा शहरात इयरबुकं, फोटो आणि शाळेच्या वस्तू गोळा केल्या.

मी आयटीत काम करते. दिवसभर डेटा सांभाळते. त्यामुळे या लोकांच्या याद्यांमधली एक गोष्ट मला फार आवडते : मुलींच्या नावापुढे माहेरचं आडनाव लिहायला वेगळी जागा असते. लग्नानंतर आडनाव बदललं, तर जुनी मैत्रीण शोधणार कशी? ज्याने पहिल्यांदा हा रकाना जोडला, त्याला शोधण्यातली खरी अडचण कळली होती.

आमच्या शाळेचा फोटो

हे सगळं वाचताना मला माझी शाळा आठवत होती. मी मराठी माध्यमात शिकले. इंग्रजी शाळा वाढल्या तशी आमच्या वर्गांतली मुलं कमी होत गेली. काही वर्षांपूर्वी शाळेचं मराठी माध्यम बंद झालं. इमारत आहे, पण आता तिथे आमची शाळा भरत नाही.

मी ती बातमी नीउ-व्हेनेपच्या स्टेशनवर उभी असताना फोनवर वाचली. गाडी आली आणि गेली. मी तिथेच उभी होते.

त्या आठवड्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर आमच्या चौथीच्या वर्गाचा फोटो टाकला. एकेचाळीस मुलं. आम्ही नावं ओळखायला लागलो. सदतीस सापडली. मग एकीने तो फोटो आमच्या बाईंना नेऊन दाखवला. बाई आता थकल्या आहेत, चष्मा लावूनही नीट दिसत नाही. पण त्यांनी उरलेल्या चारांपैकी तीन नावं सांगितली, तीसुद्धा हजेरीत घ्यायच्या तशी, वडिलांच्या नावासकट. शेवटच्या रांगेत डावीकडे उभा असलेला मुलगा मात्र कुणालाच आठवला नाही. तो वर्षाच्या मध्येच आला होता आणि मध्येच गेला होता. त्याच्या वडिलांची बदलीची नोकरी होती, एवढंच बाई म्हणाल्या.

त्या मुलाचं नाव आम्हाला अजून सापडलेलं नाही. आम्ही तेव्हा त्याला विचारलं असतं, लिहून ठेवलं असतं, तर आज तो हरवला नसता.

तुमची शाळा कुठे आहे?

आता आपल्या मराठी शाळेचा विचार करा. तिला इमारत नाही, पटांगण नाही, घंटा नाही. शनिवारी सकाळी पडद्यावर चौकोन उघडतात, तीच आपली शाळा. दर वर्षी कुणाचे तरी आईबाबा पुण्याला परत जातात, कुणी डब्लिनला जातं, कुणी टोरांटोला. पुढच्या शनिवारी एक चौकोन कमी असतो. आपण दोन मिनिटं "अरे, तो गेला का?" म्हणतो आणि धडा सुरू करतो.

ज्या मुलांचं लहानपण आईवडिलांच्या देशाबाहेर जातं, त्यांना 'थर्ड कल्चर किड्स', म्हणजे तिसऱ्या संस्कृतीची मुलं म्हणतात. हे नाव रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिलं. त्या १९५० च्या दशकात नवरा आणि मुलांसोबत भारतात येऊन राहिल्या होत्या. तिथल्या परदेशी कुटुंबांकडे बघताना त्यांना जाणवलं, की या लोकांचं जगणं ना पूर्ण घरच्यासारखं असतं, ना पूर्ण बाहेरच्यासारखं. दोन्हींच्या मध्ये एक तिसरंच जग तयार होतं. तुमच्या डब्यात पोळी आणि हाखेलस्लाख एकत्र असतं ना, तसं.

त्या तिसऱ्या जगाचा पत्ता नकाशावर नसतो. तो फक्त तिथे राहिलेल्या माणसांना माहीत असतो. सूस्टरबर्ग, क्लार्क आणि बर्लिनच्या मुलांकडून आपण एवढं शिकू शकतो : शाळा बंद झाली तरी माणसं एकमेकांना सापडू शकतात. पण त्यासाठी कुणीतरी वेळेवर नावं लिहून ठेवावी लागतात.

म्हणून या वर्षी आपण आपलं स्वतःचं इयरबुक करणार आहोत. नाव, घरात हाक मारतात ते नाव, आता राहता ते गाव, आणि आजी विचारते ते गाव. दोन्ही गावं लिहा. दोन्ही बरोबर आहेत.

शब्दार्थ

हमखास – नक्की, दर वेळी
बदली – नोकरीसाठी दुसऱ्या गावी पाठवणं
तळ – सैन्याची राहण्याची आणि कामाची जागा
खटला – न्यायालयातलं प्रकरण
उद्रेक – ज्वालामुखीचा स्फोट
माहेर – लग्न झालेल्या बाईच्या आईवडिलांचं घर
रकाना – तक्त्यातला उभा भाग
मेळावा – खूप लोकांनी एका ठिकाणी जमणं

स्वाध्याय

१. "तू कोणत्या बॅचची?" आणि "तू तिथे कोणत्या वर्षी होतीस?" या दोन प्रश्नांत काय फरक आहे? तुमच्या शब्दांत सांगा.
२. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत माहेरचं आडनाव का लिहितात?
३. आजी-आजोबांना फोन करा. त्यांच्या शाळेचं नाव, गाव आणि शेजारी बसणाऱ्या मित्राचं किंवा मैत्रिणीचं नाव विचारा. पाच वाक्यं लिहा.
४. आपल्या वर्गातून गेलेल्या एका मुलाला किंवा मुलीला मराठीत पत्र लिहा. सुरुवात अशी करा : "तू गेल्यापासून शनिवारी…"