मेंढरं माळ खातात की राखतात?

माकणी म्हटलं की आधी तेरणेवरचं धरण आठवतं. पण लोहारा तालुक्यातल्या या पट्ट्यात सुगी उरकली की मोकळ्या रानांत मेंढरांचे वाडे उतरतात, आणि पारावर कुणीतरी म्हणतंच, ‘मेंढरं आली, आता माळ बोडका होणार.’

हे अर्धंच खरं आहे. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. वरची टणक हिरडी आणि खालचे दात यांच्यात धरून ती गवत तोडते, तेही अगदी जमिनीलगत. खुडलेलं गवत मुळांतल्या साठ्यावर पुन्हा फुटतं. पानं धरेपर्यंत उसंत मिळाली तर मूळ टिकतं. तोच कोंब पुन्हापुन्हा खुडला, तर मूळ आखडत जातं आणि वळवाच्या सरीबरोबर माती वाहते. म्हणून मेंढरं किती, याइतकंच ती एका जागी किती दिवस, हेही विचारायला हवं. ऑस्ट्रेलियातली लोकरीवर जगणारी कुटुंबं आज तारेची कुंपणं घालून कळप एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवतात आणि त्याला जमीन पुन्हा जिवंत करणारी शेती म्हणतात. आपल्या धनगरांनी हेच काम पायी चालून केलं. वाडा पुढे जातो, मागचं रान विसावतं.

बिघडतं ते वाट अडल्यावर. गायरानांवर अतिक्रमणं होतात आणि उरलेल्या तुकड्यावर सगळ्या गावाची जनावरं कोंडली जातात. अशा माळावर तरवड माजतो, कारण मेंढरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तिथे सगळा दोष मेंढरांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. गायरानाचे चार भाग पाडून दर पावसाळ्यात एक भाग गवताचं बी गळेपर्यंत राखावा. मात्र तो ठराव होताना मेंढपाळ बैठकीत असायलाच हवा.

‘माळ म्हणजे पडीक, तिथे झाडं लावा’ हा गैरसमज जास्त नुकसान करतो, कारण तो चांगल्या हेतूने पसरतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. माळढोकाला दूरवर नजर पोचेल असं उघडं गवत लागतं. त्याच परिसरात गिरिपुष्पाची लागवड झाली आणि तेवढं गवत झाकलं गेलं. काळवीट, खोकड, धाविक, माळटिटवी हे सगळे उघड्यावरचे जीव. धाविक आखूड गवतात पळत किडे टिपतो, तर घरटं लपवायला चंडोलांना गवताचे ठोंब हवे असतात. कुठे चरलेलं, कुठे राखलेलं असं रान असलं तर दोघांचीही सोय होते. लांडगा कोकरू उचलतो हेही खरं, पण या माळांवर तो मेंढपाळांच्या सोबतीनेच टिकून आहे.

लेंडीची गोष्ट शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. रात्री शेतात मेंढरं बसवून घ्यायला तो धान्य किंवा पैसे मोजतो. पाठ्यपुस्तकी आकड्यांनुसार शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का, तर मेंढीच्या लेंडीत नत्र ३, स्फुरद १ आणि पालाश २ टक्के. शिवाय मूत थेट जमिनीत मुरतं. वाडा उठताच पाळी घालून ते मातीआड करावं, नाहीतर नत्र उडून जातं.

आता उलट्या बाजूची अतिशयोक्ती. मेंढरं नीट चारली की हवामानबदल थांबेल, असं सांगणारे जगात आहेत. तसं होणार नाही. हवामानविषयक आंतरराष्ट्रीय हिशेबात आपल्यासारख्या देशांतली एक मेंढी वर्षाला अंदाजे ५ किलो मिथेन सोडते असं धरतात, आणि मातीत मुरणाऱ्या कार्बनला मर्यादा असते. माती धरून ठेवणं, पाणी जिरवणं, माळ जिता ठेवणं एवढं मेंढरांकडून होतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं, ते त्यासाठीच.

राहिली लोकर. दख्खनी मेंढीची लोकर मेरिनोसारखी मऊ नाही, म्हणून ती कुचकामी ठरवली जाते. वर्षातून दोनदा कातरूनही एका मेंढीची जेमतेम अर्धा-पाऊण किलो भरते, आणि कातरणीचा खर्चही निघत नाही तेव्हा ती फेकली जाते. खरं तर हीच राठ लोकर चरख्यावर कातून, चिंचोक्याची खळ देऊन सनगर-खुटेकरांनी घोंगडी विणली. थंडी-पावसात मेंढपाळाच्या अंगावर तीच असते. विणायला उपयोगी नसलेली लोकर आळ्यात पसरली तर ओल धरते, आणि कुजताना तिच्यातलं नत्र आणि गंधक सावकाश झाडाला मिळत राहतं.