पिळलेला खडू आणि दोन पादांक

फळ्यावर लिहिताना खडू मोडतो तो बहुधा वाकून. तुकड्याचे तोंड पाहिले तर ते बरेचसे सपाट आणि आडवे असते. आता एक अखंड खडू दोन्ही टोकांना धरा आणि न वाकवता, ओले फडके पिळतो तसा सावकाश पिळा. तो तिरका तुटेल. भेग लांबीशी सुमारे ४५ अंशांचा कोन करीत मळसूत्रासारखी फिरत जाते. आपण तर तिरका जोर कोठेच लावला नव्हता!

आम्ही कॉलेजात स्थायूंचे यामिकी शिकलो ते पादांकांच्या गर्दीतून. अक्षरांच्या पायाशी बारीक टाइपातले ते आकडे कशासाठी, हे कळले नाही. सूत्रे पाठ केली आणि पास झालो. तेव्हाच एखादा खडू पिळून पाहिला असता तर बरे झाले असते.

बल हे सदिश आहे. त्याचे तीन घटक ओळखायला एक पादांक पुरतो. (छपाईच्या सोयीसाठी येथे पादांक कंसात लिहीत आहोत.) पण खडूच्या आत डोकावायचे तर एक छेद कल्पावा लागतो. त्या छेदाच्या दर एकक क्षेत्रफळावर पलीकडचा भाग जे बल लावतो ते प्रतिबल. छेद फिरवला की हे बल बदलते. म्हणून प्रश्न दोन होतात: बलाचा घटक कोणत्या दिशेचा, आणि छेदाचे तोंड कोणत्या दिशेला? दोन प्रश्न, म्हणून दोन पादांक. तीन गुणिले तीन असे नऊ घटक. अशा राशीला प्रदिश म्हणतात. एका बिंदूपाशी हे नऊ घटक माहीत असले की कोणत्याही तिरक्या छेदावरचे बल काढता येते, हे फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२२ मध्ये दाखवले.

छेदाला लंब असलेला एकक सदिश न, प्रतिबल प आणि छेदावरचे बल ब मानू. मग
ब(१) = प(१,१) न(१) + प(१,२) न(२) + प(१,३) न(३)
ब(२) आणि ब(३) साठी अशीच आणखी दोन समीकरणे. ही तिन्ही मिळून एका ओळीत मावतात:
ब(क) = प(क,ख) न(ख)
एका पदात ख दोनदा आला आहे, म्हणून त्याला १, २, ३ या किमती देऊन बेरीज करायची. क एकदाच आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक किमतीला वेगळे समीकरण. बेरजेचे चिन्ह गाळण्याचा हा संकेत आइन्स्टाइन यांनी १९१६ च्या व्यापक सापेक्षतेवरील लेखात वापरला. विद्यार्थ्यांना त्याचा एक फायदा आवर्जून सांगावा: एकाच पदात एखादे अक्षर तीनदा आले, किंवा बरोबरच्या चिन्हाच्या दोन बाजूंना सुटी अक्षरे वेगवेगळी निघाली, तर चूक झालीच आहे. आकडेमोड तपासायचीही गरज नाही.

आता पुन्हा खडूकडे. त्याच्या पृष्ठभागावर एक लहानसा चौरस कल्पू. दिशा १ लांबीच्या बाजूने, दिशा २ घेराच्या बाजूने. पिळल्यावर प(१,२) आणि प(२,१) एवढेच घटक उरतात, आणि ते समान असतात; नसते तर तो इवलासा तुकडा जागच्या जागी गरगर फिरू लागला असता. (याच कारणाने नऊपैकी वेगळे घटक सहाच राहतात. पहिला पादांक बलाचा की छेदाचा, यावर पुस्तकांचे एकमत नाही, तरी त्यामुळे बहुधा बिघडत नाही.) दोन्हींची किंमत १० धरू. ४५ अंशांच्या छेदासाठी न(१) आणि न(२) दोन्ही ०.७०७ आणि न(३) शून्य. सूत्रात घाला: ब(१) = ७.०७, ब(२) = ७.०७, ब(३) = ०. म्हणजे बल न च्याच दिशेने, १० एवढे. त्या तिरक्या छेदावर घासणे, सरकणे काही नाही, निव्वळ ओढ! न(२) चे चिन्ह उलटे केले तर दुसऱ्या कर्णावरच्या छेदावर तेवढाच निव्वळ दाब मिळतो.

ठिसूळ खडू दाब बराच सोसतो, ओढ फार थोडी. म्हणून तो ओढीच्या छेदावर फाटतो. उलट दिशेने पिळलात तर भेगही उलट दिशेने फिरेल. दोन खडू मोडून मुलांना हे जरूर दाखवा. मृदू पोलादाची सळई मात्र अशी पिळली तर सरळ आडवी तुटते. घटक तेच, सूत्रही तेच. पण पोलाद ओढीपुढे नव्हे, तर सरकण्यापुढे आधी हार मानते, आणि पिळलेल्या सळईत सरकवणारे बल आडव्या छेदावर सर्वांत जास्त असते.